अंतर तेवढंच, तास मात्र वाढले

लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणासाठी परदेशी निघालेल्या आया आता तालुक्याच्या गावांतही दिसतात. डिंकाचे लाडू, मेतकूट यांची बांधाबांध झाली की प्रश्न येतोच, 'विमानात किती तास बसायचं गं?' प्रश्न साधाच, पण मैत्रिणींनो, त्याचं उत्तर हल्ली सरकारं ठरवतात, असं माझं मत झालं आहे.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला पर्यटकांवर हल्ला झाला. भारताने कडक पावलं उचलली. २४ एप्रिलला पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, ३० एप्रिलला भारतानेही त्यांच्या विमानांना बंदी घातली. मग ही मुदत महिन्यामागून महिने वाढतच गेली.

दिल्ली ते लंडन सरळ अंतर सुमारे ६,७०० किलोमीटर. ही वाट पाकिस्तानवरून जाते. ती बंद झाली की विमानाने आधी खाली गुजरातकडे यायचं, अरबी समुद्रावर जायचं आणि मग आखाताकडून वर चढायचं. मुंबईच्या विमानांना समुद्र जवळच, म्हणून त्यांचा वळसा कमी. गंमत म्हणजे, परदेशी कंपन्यांना ही बंदी नव्हती. म्हणजे विमानतळ तेच दोन, पण कंपनी बदलली की तास बदलले!

लालबहादूर शास्त्रींमुळे ताश्कंदचं नाव आपल्याला ठाऊक आहे. दिल्लीहून ते तिरुअनंतपुरमपेक्षाही जवळ. पण वळसा इतका मोठा, की इंडिगोला एप्रिल २०२५ मध्ये ही सेवा थांबवावी लागली. एअर इंडियाच्या अमेरिकेच्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावं लागलं. दिल्ली-वॉशिंग्टन सेवा तर १ सप्टेंबर २०२५ पासून बंद झाली. नूतनीकरणामुळे कमी पडणारी विमानं आणि हा वळसा, अशी दोन्ही कारणं कंपनीने दिली.

वळसा फुकट नसतो. २०१९ मध्ये बालाकोटनंतर अशीच बंदी आली, तेव्हा २ जुलैपर्यंत एअर इंडियाला ४९१ कोटींचा फटका बसला. तेव्हा ती सरकारी होती, म्हणजे पैसा तुमचा-आमचाच. देशाच्या सुरक्षेपुढे चार तास जास्त बसणं मोठं नाही, हे मलाही मान्य. पण गुडघेदुखीच्या, साखरेच्या बाईला ते आधी कळायला तर हवं!

तेव्हा तिकीट काढताना नुसता भाव पाहू नका. एकूण तास किती, थांबे किती, थांब्यावर विमान बदलायचं की बसूनच राहायचं, हे खडसावून विचारा. चालवत नसेल तर तिकिटाबरोबरच व्हीलचेअर सांगून ठेवा. दोन दिवसांच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीतच ठेवा. आणि 'इतक्या वाजता पोचेन' असं लेकीला सांगताना थोडी सवड ठेवूनच सांगा.