सायलेन्सर कंपनीचा की बाहेरचा? निवड ग्राहकाची, पण माहिती खरी हवी

प्रति,
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : मोटारींचे बदली सायलेन्सर व कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांच्या विक्रीबाबत मागण्या

महोदय,

आमची संघटना कोकण किनाऱ्यावरील मोटारधारक, टॅक्सीचालक आणि स्वतंत्र गॅरेजवाल्यांची आहे. इथल्या खाऱ्या, दमट हवेत सायलेन्सर बाहेरून गंजतो. गाडीच्या फेऱ्या जवळच्या असल्या की तो पुरता तापत नाही, धुरातल्या वाफेचे पाणी आत साचते आणि तो आतूनही कुजतो. त्यामुळे तो बदलण्याची पाळी लवकर येते आणि गिऱ्हाईक विचारते : कंपनीचा टाकू की बाहेरचा?

मागचा मफलर आणि पाइप यांपुरते आमचे उत्तर स्पष्ट आहे : बाहेरचा चांगला माल चालतो. पत्रा पुरेशा जाडीचा, अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेला किंवा स्टेनलेस असावा; नळीचा व्यास आणि हँगरच्या जागा मूळ मापाच्या असाव्यात. साधा पत्रा रंगवून विकलेला मफलर मात्र किनाऱ्यावर टिकत नाही. अडचण अशी, की काळ्या रंगाखाली दोन्ही सारखेच दिसतात.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची गोष्ट वेगळी. त्याच्या जाळीवरचा प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा थर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे निकामी करतो. हे धातू महाग, म्हणून स्वस्त मालात पहिली काटछाट त्यांच्यावरच होते. गाडी पूर्वीसारखी पळते, आवाजही वाढत नाही, पण विषारी वायू बाहेर पडत राहतात. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत नायट्रोजनची ऑक्साइडे मोजलीच जात नाहीत. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांचा लाभ असा एका स्वस्त बदलीत वाया जातो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० ने सायलेन्सर बंधनकारक केला आहे. आवाज वा धुराची मर्यादा ओलांडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड होतो. तो भरतो गाडीवाला. सदोष माल विकणारा त्या कारवाईत कुठेच नसतो.

दुसरीकडे, कंपनीचा भाग घ्यायचा म्हटला तरी स्वतंत्र गॅरेजला तो सहज मिळत नाही. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणे स्पर्धेला मारक आहे, असा निर्णय भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध दिला होता. त्यावर अपिले झाली. आमची अडचण अजून तशीच आहे.

म्हणून आमच्या मागण्या :

१. प्रत्येक बदली सायलेन्सरवर उत्पादकाचे नाव, गाडीचे मॉडेल, पत्र्याचा प्रकार आणि उत्पादनाचा महिना-वर्ष न पुसणाऱ्या ठशात असावे.

२. आवाजाची चाचणी झालेल्या बदली सायलेन्सरवर ग्राहकाला ओळखता येईल अशी खूण असावी. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीत बदली सायलेन्सरसाठी नियम ५९ आणि बदली कन्व्हर्टरसाठी नियम १०३ आहे. त्या धर्तीवर राज्याने केंद्राकडे शिफारस करावी. पुण्यातील एआरएआयसारखी चाचणी संस्था आपल्याच राज्यात आहे.

३. चाचणीचा दाखला नसलेल्या कन्व्हर्टरची विक्री थांबवावी. कन्व्हर्टर काढून नुसता पाइप जोडून देणाऱ्यावर कारवाई व्हावी.

४. योग्यता तपासणीत कन्व्हर्टर जागेवर आहे का, हे गाडीखाली वाकून पाहणे सक्तीचे करावे.

५. मूळ मापाचा, मूळ आवाजाचा बाहेरचा सायलेन्सर आणि मुद्दाम कर्कश केलेला सायलेन्सर यांत फरक करण्याच्या लेखी सूचना तपासणी पथकांना द्याव्यात. कर्कश सायलेन्सरच्या बाबतीत कारवाई विक्रेत्यापासून सुरू व्हावी.

६. कंपन्यांनी मूळ भाग आणि त्यांचे दरपत्रक स्वतंत्र गॅरेजला खुले करावे. बाहेरचा मफलर बसवला एवढ्याच कारणाने इतर भागांची वॉरंटी नाकारू नये.

आम्हीही शब्द देतो : आमचा प्रत्येक गॅरेजवाला सभासद बिलावर भाग कंपनीचा की बाहेरचा, उत्पादक कोण आणि हमी किती, हे लिहील, काढलेला जुना भाग ग्राहकाला दाखवील. कंपनीचा म्हणून बाहेरचा माल बसवणाऱ्याला संघटनेत स्थान राहणार नाही.

महाग भाग घेण्याची सक्ती आम्हाला नको आणि स्वस्ताच्या नावाखाली फसवणूकही नको. या मागण्यांवर आपल्या कार्यालयाने वाहनधारक, गॅरेजचालक, विक्रेते आणि उत्पादक यांची संयुक्त बैठक एका महिन्यात बोलवावी, ही आग्रहाची विनंती.

आपले,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य

प्रत : केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय, नवी दिल्ली