कार्ड बघितल्याशिवाय टाकीत माणूस उतरू देऊ नका



नाशिककरांनो, आज तुम्ही गाडीत भरलेलं पेट्रोल बहुधा पानेवाडीहून आलं असेल. मनमाडजवळच्या या गावात तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. मुंबईहून जमिनीखालच्या पाइपलाइननं तिथं इंधन येतं. तिथून टँकर भरतात, आणि पंपाच्या फरशीखाली पुरलेल्या टाक्यांत ते ओततात. या टाक्या कधीतरी साफ कराव्याच लागतात. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं. म्हणून तळाशी पाणी, गंज, गाळ राहू देऊन चालत नाही. तो काढायला आत माणूस उतरतो.

तो माणूस कोण, हे कधी विचारलंत? त्याला हे काम कुणी शिकवलं? त्याची परीक्षा कुणी घेतली? आता विचारा.

रिकामी टाकी भरलेल्या टाकीइतकीच, कधीकधी तिच्याहून जास्त घातक असते. पेट्रोल उपसलं तरी वाफ आत राहते. ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, तळाशी बसून राहते. हवेत ती दीड टक्का जरी मिसळली, तरी एक ठिणगी पुरते. गावाकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायची रीत होती; इथं तो कंदीलच घात करील. आणि ठिणगी पडली नाही, तरी त्या वाफेत माणूस गुंगतो, कोसळतो. त्याला वाचवायला त्याचा भाऊ उतरतो. मग भावाला काढायला तिसरा. एका घरातले दोन कमावते हात एका दुपारी जाऊ शकतात.

हे टाळता येतं, आणि उपाय जुनाच आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यानं कलम ३६ मध्ये सांगून ठेवलं होतं: सक्षम व्यक्तीनं स्वतः तपासणी करून लेखी दाखला द्यावा, तेव्हाच माणूस आत जाईल. नाहीतर श्वसनयंत्र लावून, पट्ट्याला दोर बांधून जाईल, आणि दोराचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असेल. पंपमालकहो, हा दाखला मागा. ठेकेदारहो, गॅस मोजल्याशिवाय झाकणाच्या आत पाय घालू देऊ नका.

पण दाखला देणारा जाणकार असला, तरी उतरणाऱ्याचं काय? आपल्या राज्यात वायरमनला परवाना लागतो. बॉयलर चालवणाऱ्याला बाष्पके संचालनालयाची परीक्षा द्यावी लागते. इंधनाचा टँकर हाकणाऱ्याला धोकादायक मालाचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. टाकीत उतरणारा मात्र रोजंदारीवर येतो, काम करतो आणि निघून जातो. त्याला काय येतं, हे सांगणारं सरकारी कार्ड त्याच्या खिशात नसतं.

इंधनाच्या धंद्यात चूक कुंपणाच्या आत थांबत नाही. २९ ऑक्टोबर २००९ ला जयपूरच्या सीतापुऱ्यातल्या इंडियन ऑइलच्या डेपोत व्हॉल्व्हवरचं काम ठरल्या पद्धतीनं झालं नाही. पेट्रोल तासाहून अधिक वेळ गळत राहिलं. मग स्फोट झाला. अकरा जण गेले, आणि त्यांत शेजारच्या कारखान्यातली माणसंही होती. आग कित्येक दिवस विझली नाही. पानेवाडीच्या आसपास राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. शहरात पंपाला लागून घर, दुकान, शाळा असलेल्यांनीही ठेवावं. टाकी नीट बसवली नाही आणि ती झिरपली, तर तेल तुमच्या विहिरीपर्यंतही पोचू शकतं.

म्हणून राज्य सरकारकडे एक साधी गोष्ट मागा. टाकी बसवणारा, दुरुस्त करणारा आणि साफ करणारा, प्रत्येकाला मराठीतून प्रशिक्षण, प्रत्यक्ष परीक्षा आणि फोटो असलेलं कार्ड. ठरावीक काळानं फेरपरीक्षा. कार्डाशिवाय माणूस उतरवला, तर दंड ठेकेदाराला आणि मालकाला, मजुराला नाही. आणि फी मजुराच्या खिशातून नको. अमेरिकेत २००५ च्या कायद्यानंतर भूमिगत टाक्या सांभाळणाऱ्यांचे तीन वर्ग ठरले आणि प्रत्येकाला प्रशिक्षण सक्तीचं झालं. पेट्रोलियमचे नियम केंद्राचे असले, तरी कामगारांचं हित समवर्ती सूचीत आहे. महाराष्ट्र पुढाकार घेऊ शकतो.

वेळ थोडा आहे. २०२७ च्या सिंहस्थात नाशिक-त्र्यंबकेश्वरला लाखो भाविक येतील. पंपांवर रांगा लागतील, कामं घाईत उरकली जातील. घाईत पहिल्यांदा सुरक्षितताच वगळली जाते. सिंहस्थाआधी हा नियम हवा.

तुम्ही हे करू शकता. ग्रामसभेत ठराव मांडा. आमदारांना पत्र लिहा. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला अर्ज द्या, त्याची प्रत नागपूरच्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेला पाठवा. पंपावर टाकीचं झाकण उघडं दिसलं, तर थांबा आणि विचारा: गॅस मोजला का? दोर कुणाच्या हातात आहे? कुणी आत कोसळलं, तर मागोमाग उतरू नका, कुणाला उतरू देऊ नका. १०१ किंवा ११२ ला फोन करा.

आणि घरच्यांनो, तुमचा माणूस अशा कामाला निघाला असेल, तर त्याला सांगा: दाखला बघितल्याशिवाय उतरू नकोस. एका दिवसाची मजुरी बुडाली तरी चालेल. त्यानं उतरायला नकार दिला, तर त्याच्या पाठीशी उभे राहा. शेजाऱ्यांनो, तुम्हीही राहा. अर्ज आजच लिहा, आणि त्यावर शेजारच्या दहा घरांच्या सह्या घ्या.