कॉफीच्या पुडीवरची बारीक अक्षरं

मंडळी, आज खड्डे नाहीत, सिडको नाही, पाणीकपातही नाही. आज कॉफी. हसू नका, विषय सार्वजनिकच आहे. आपण पैसे कशाचे मोजतो आणि घरी काय येतं, हा तो प्रश्न.

नवी मुंबईत फिल्टर कॉफी नवी नाही. वाशी, नेरुळ, बेलापूरला तमीळ, मल्याळी, कानडी कुटुंबं राहायला आली आणि त्यांच्यासोबत ती आली. आजही पावडर माटुंग्याहूनच आणणारी घरं मला माहीत आहेत. आता चहावाल्या मराठी घरांतही फिल्टर दिसायला लागलाय. कॅफेत एका कपाला दीड-दोनशे रुपये मोजून झाल्यावर लोक म्हणतात, घरीच करू की! चांगलं आहे. पण घरी करायचं म्हटलं की सगळी चर्चा मशीनवर जाते. कुठलं घ्यावं, केवढ्याचं घ्यावं. पावडरीत काय आहे, हे मात्र कुणी विचारत नाही.

तर पुडी हातात घ्या आणि उलटी करा. मागे बारीक अक्षरांत कॉफी इतके टक्के, चिकोरी इतके टक्के असं लिहिलेलं असेल. ते लिहिणं कायद्याने सक्तीचं आहे. एफएसएसएआयच्या नियमानुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के हवी. याचा दुसरा अर्थ असा की 49 टक्क्यांपर्यंत चिकोरी घातली तरी ते कायदेशीर आहे. म्हणजे तुम्ही अर्धा किलोची पुडी घेतलीत, तर त्यातली 245 ग्रॅमपर्यंत कॉफी नसूही शकते. पुडीच्या पुढच्या बाजूला मात्र वाफाळता कप आणि मोठ्या अक्षरांत ‘कॉफी’.

चिकोरी म्हणजे विष नव्हे, हेही सांगतो. ते एक मूळ आहे. वाळवून, भाजून, दळून वापरतात. आपल्याकडे गुजरातेत त्याची शेती होते. त्यात कॅफीन नसतं. नेपोलियनच्या काळात नाकेबंदीमुळे युरोपात कॉफी मिळेनाशी झाली, तेव्हा चिकोरीचा वापर फार वाढला. फिल्टर कॉफीत तिचं कामही आहे. ती पाणी धरून ठेवते, डिकॉक्शन सावकाश उतरतं, दाट आणि गडद होतं. चिकोरीशिवाय कॉफीला मजाच नाही म्हणणारे खूप आहेत, आणि ती त्यांची आवड आहे. माझी तक्रार चिकोरीबद्दल नाही. ती कॉफीच्या भावाने विकली जाते, याबद्दल आहे.

आणि भाव तर बघा. ब्राझील आणि व्हिएतनाममध्ये दुष्काळ पडला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका पौंडाला चार डॉलरच्या वर गेली. अशा वेळी भाव न वाढवता चिकोरी दहा टक्के वाढवली, तर किती गिऱ्हाइकांच्या लक्षात येईल? पुडी तीच, रंग तोच, उलट जरा जास्तच काळा. म्हणून नेहमीच्या पुडीवरचे आकडेसुद्धा अधूनमधून परत वाचा.

सुट्या पावडरीचं काय? तिथे तर छापील अक्षरंही नाहीत. मध्यंतरी एका दुकानात मी विचारलं, चिकोरी किती टाकता? मालक म्हणाले, "साहेब, आमच्याकडे सगळे असंच नेतात." हे उत्तर नाही. ऐंशी-वीस की सत्तर-तीस, हे सांगायला हवं, आणि बिलावर लिहून द्यायला हवं. शक्यतो दाणे निवडा, समोर दळून घ्या, चिकोरी हवी तेवढीच घालायला सांगा. एका वेळी पंधरा दिवसांपुरतीच घ्या, कारण दळलेल्या कॉफीचा वास लवकर उडतो.

शंका आली तर घरी बघता येतं. काचेच्या ग्लासात थंड पाणी घ्या, वर चिमूटभर पावडर भुरभुरा, ढवळू नका. कॉफी तरंगते. चिकोरी काही सेकंदांत खाली जाते आणि जाताना तपकिरी रेघ सोडते. (ही परीक्षा दळलेल्या पावडरीची. इन्स्टंट कॉफी विरघळते, तिला ती लागू नाही.) याने टक्केवारी कळणार नाही, पण ‘शंभर टक्के कॉफी’ म्हणून आणलेल्या पावडरीने रेघा सोडल्या तर दुकानदाराला विचारायला तुमच्याकडे कारण आहे.

आता करायची कशी? दोन कपांसाठी साधा स्टीलचा फिल्टर पुरतो. वरच्या भांड्यात तीन चमचे म्हणजे साधारण 20 ग्रॅम पावडर घाला, चकतीने हलकेच सारखी करा, ठासू नका. पाणी उकळलं की गॅस बंद करा, अर्ध्या मिनिटाने सव्वाशे मिली ओता, झाकण ठेवा. वीस मिनिटं हात लावू नका. गरम दुधात डिकॉक्शन घाला, पण ते पुन्हा उकळू नका, कडू होतं. एवढंच. मशीनचे पैसे पावडरीत घाला.

आपण कॉफी पिकवणारा देश आहोत. सत्तर टक्क्यांच्या आसपास पीक एकट्या कर्नाटकात होतं. आपल्या अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्यालाही कॉफी होते, हे कित्येकांना माहीत नसतं. देशातली बहुतेक कॉफी निर्यात होते. मग घरच्या गिऱ्हाइकाला निदान पुडीत काय आहे ते तरी धड कळावं की नको?

मागणी छोटी आहे. टक्केवारी पुडीच्या पुढच्या बाजूला, ‘कॉफी’ या शब्दाएवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा. अन्न व औषध प्रशासनाने सणासुदीला मिठाई आणि खवा तपासावाच, पण वर्षातून एकदा सुट्या कॉफीचे नमुनेही घ्यावेत. आणि आपण दुकानात एक प्रश्न विचारायला लाजू नये. फसवणूक झाली असं वाटलं तर बिल जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा.

तुमच्या घरच्या पुडीवर काय आकडा आहे? आत्ताच उठून बघा आणि खाली लिहा. ब्रँडचं नाव नको, आकडा पुरे. पन्नासेक आकडे जमले की आपली नवी मुंबई नक्की काय पिते, याचा निदान अंदाज तरी येईल.