उभ्या गाडीचं पॅकिंग

सोमवारी सकाळी वर्कशॉपचं शटर अर्धं वर केलं आणि पेट्रोलचा भपकारा तोंडावर आला. शनिवारी संध्याकाळी एक ओळखीचे गृहस्थ त्यांची लाल एमजीबी सोडून गेले होते. जॉबकार्डवर मुलाने लिहून घेतलं होतं : ‘टाकी फुल केली की वास येतो. गॅस्केट बदलणे.’ पंखा, दिवा, कशाच्याही बटणाला हात न लावता आम्ही तिघांनी गाडी ढकलून बाहेर उन्हात आणली. पिटच्या तोंडाशी गाडी लावली होती, ही आमचीच चूक. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, ती खड्ड्यातच जाऊन बसते आणि तिथे ठिणगीची वाट बघते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ असली तरी भडका उडायला पुरते.

एमजीबी म्हणजे हल्ली रस्त्यावर दिसतात त्या एमजी नव्हेत. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेली, पाच लाखांहून जास्त खपलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार. आपल्याकडे अशा गाड्या थोड्या. पण ज्या आहेत त्यांचे मालक हौशी, आणि दुरुस्तीला शेवटी त्या आपल्यापैकीच कुणाकडे तरी येतात.

जॉबकार्डवर निदान मालकाने लिहायचं नसतं, ते आपलं काम. वास म्हणजे पॅकिंग गेलं, हे समीकरण आपल्या धंद्यात इतकं रुळलंय की टाकीखाली वाकून बघायचेही कष्ट कुणी घेत नाही. एमजीबीत तर फसायला भरपूर वाव. हिची टाकी डिकीच्या तळाखाली टांगलेली असते. डिकीचा पत्रा आणि टाकीचा माथा यांच्या फटीत चिखल, ओल, जुन्या फोमच्या पट्ट्या साचून राहतात आणि टाकी वरून सडते. सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात, पण ती माथ्यावर असल्यामुळे टाकी फुल भरल्यावर किंवा वळणावर पेट्रोल हिंदकळल्यावरच वास येतो. तोंडाकडचा रबरी पाइप चिरलेला असला तरी तक्रार हीच. आणि फ्लोट युनिटचं पॅकिंग गेलं असलं तरीही हीच. एक तक्रार, तीन आजार.

वेगळे कसे करायचे? पातळीने. आम्ही टाकी जवळपास रिकामी केली, बाहेरून पुसून कोरडी केली आणि दहा-दहा लिटर भरत गेलो. ५४ लिटरच्या आसपासची टाकी, सगळा खेळ अर्ध्या दिवसाचा. या गाडीत फ्लोट युनिट टाकीच्या वर नसतं, उजव्या बाजूच्या पत्र्यात बसतं. त्याच्या कडेला आम्ही पातळ खडू कालवून फासला आणि वाळू दिला. माथ्यापर्यंत हात पोचेल तिथेही फासला, पाइपच्या सांध्यालाही. पेट्रोल फ्लोटच्या भोकाच्या वर चढलं आणि पाचेक मिनिटांत लॉक रिंगच्या खालच्या अंगाला पांढऱ्यावर करडी ओल उमटली. बाकी दोन्ही जागा टाकी भरेपर्यंत कोरड्या. म्हणजे मालकांचं निदान बरोबर निघालं. पण ते बरोबर आहे हे कळायला खडू लागला. स्मोक मशीन असेल त्यांनी ती जरूर वापरावी. मात्र टाकीत कॉम्प्रेसरची हवा सोडून ‘प्रेशर टेस्ट’ करणाऱ्यांना हात जोडून विनंती, की ती टाकी आहे, टायर नाही. स्मोक मशीन अर्ध्या पीएसआयच्या आसपासच काम करते, ते उगाच नाही.

पेट्रोल पुन्हा काढलं, बॅटरीची निगेटिव्ह सोडली, हिरवी-काळी वायर आणि अर्थ बाजूला केली. लॉक रिंग फिरवायला पितळेची सळई घेतली. आधीच्या गॅरेजने लोखंडी छिन्नी वापरली होती, हे रिंग निघताच कळलं : ज्या पत्र्यावर पॅकिंग बसतं तिथे नखाला लागेल असा पोचा. आणि पॅकिंगच्या दोन्ही बाजूंनी काळं सिलिकॉन. हे सिलिकॉन पेट्रोलमध्ये टिकत नाही. ते फुगतं, लिबलिबीत होतं आणि त्याचे दोरे सुटून टाकीत पडतात. आम्ही चिमट्याने तीन दोरे काढले, चौथा पंपाच्या वाटेला लागला असेल तर तो पुढे कधीतरी भेटेलच.

आता त्या पॅकिंगकडे या. वर्षभरापूर्वी बसवलेलं. बाहेर आलं तेव्हा मऊ, फुगलेलं, आणि ज्याचा काप गोल असायला हवा तो चौकोनी झालेला. पुन्हा खाचेत बसवून पाहिलं तर बसेना, परीघच वाढला होता. माप चुकलं नव्हतं. चुकलं होतं ते साहित्य. दुकानात आपण पॅकिंग मागतो ते व्यास सांगून किंवा जुनं दाखवून. ते कशाचं आहे हे विचारत नाही आणि दुकानदारही सांगत नाही. हातात येतं ते बहुतेक वेळा साधं नायट्राइल. नुसत्या पेट्रोलसाठी ते चांगलंच होतं. पण नायट्राइलची एक खोड आहे : पेट्रोलमध्ये ते थोडं फुगतं, इथेनॉलमध्येही थोडं, आणि दोन्ही मिसळले की त्याहून जास्त. नेमकं दहा ते पंचवीस टक्क्यांच्या पट्ट्यात सगळ्यात जास्त. पंपावर आज काय मिळतं ते सांगायला नको.

इथेनॉलला शिव्या घालण्यासाठी हे लिहीत नाही. आपल्या कित्येक वाचकांच्या घरचाच ऊस पंपाच्या नळीतून येतो. वीस टक्क्यांचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये पंपांवर यायला लागलं, २०३० साठी ठेवलेलं उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठलं गेलं, आता मागे फिरणं नाही. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचं रबर त्याच हिशेबाने बनलेलं आहे. वाद आहे तो जुन्या गाड्यांबद्दलच्या एका वाक्याशी. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा केला, की काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावी लागू शकतात, आणि ते काम स्वस्त असून नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये सहज होतं.

रोज ऑफिसला जाणाऱ्या हॅचबॅकसाठी हे चालून जाईल. स्पोर्ट्स कारला किलोमीटर हे मापच लागू नाही. ही एमजीबी वर्षाला आठशे किलोमीटर चालते, मालक अभिमानाने सांगतात. त्या हिशेबाने हिचं पॅकिंग २५ वर्षांनी बदलायला हवं. गेलं एका वर्षात! कारण अशी गाडी चालून झिजत नाही, उभी राहून झिजते. रविवारी टाकी भरली, पॅकिंग पेट्रोलात बुडालं, फुगलं. पुढच्या महिन्यात पातळी खाली आली, तेच पॅकिंग हवेत आलं, सुकलं, आकसलं. पुन्हा भरली, पुन्हा फुगलं. लॉक रिंगने एकाच जाडीला दाबून धरलेल्या रबराला हा खो-खो फार दिवस झेपत नाही. त्यात इथेनॉल पाणी ओढतं. महिनोन्‌महिने उभ्या टाकीत ते पाणी तळाला उतरलं की पत्र्याच्या टाकीचं काय होतं, हे आपण जाणताच. म्हणून अशा गाडीच्या सर्व्हिस कार्डावर पॅकिंगसाठी किलोमीटर नव्हे, तारीख लिहावी. आमच्याकडे दर पावसाळ्याआधी खडू फासून बघायचं ठरलं आहे.

‘स्वस्त’ या शब्दाबद्दलही थोडं. पॅकिंगची रिंग स्वस्तच असते. तिच्यापर्यंत पोचणं स्वस्त नसतं. एमजीबीत निदान वाकून हात पोचतो. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या अलीकडच्या कित्येक स्पोर्ट्स कारमध्ये प्रॉपेलर शाफ्टच्या दोन अंगांना खोगिरासारखी टाकी असते, तिला दोन तोंडं, दोन पॅकिंगं, आणि वर सीटमागचं सगळं ट्रिम. प्लॅस्टिक टाकी असेल तर आणखी एक पथ्य : पंपाचं मॉड्यूल काढून तोंड उघडं ठेवून घरी जाऊ नका. तोंडाचा आकार रात्रीत थोडा बदलतो आणि सकाळी नट आट्यांवर चढत नाही. भाग यायला वेळ असेल तर नट नुसताच परत लावून ठेवा.

नवी रिंग आम्ही एफकेएमची घेतली, बाजारात जिला सरसकट ‘व्हायटन’ म्हणतात ती. तिला मोठी भीती कडाक्याच्या थंडीची, ती कडक होते. पण त्यासाठी शून्याच्या बरंच खाली जावं लागतं, महाबळेश्वरच्या जानेवारीने तिचं काही बिघडत नाही. पुडीवरच्या छापावर आणि रंगावर मात्र भरवसा ठेवू नका. तपकिरी म्हणजे व्हायटन, काळं म्हणजे नायट्राइल, असं काही नसतं. एफकेएम जड असतं, त्याची घनता १.८ च्या घरात, नायट्राइलची बहुधा सव्वाच्या आत-बाहेर. एकाच मापाच्या दोन रिंगा छोट्या डिजिटल काट्यावर ठेवल्या की फरक लगेच कळतो. मी आणलेल्या चारपैकी एक नायट्राइल निघाली, पुडीवर ठळक अक्षरांत व्हायटन लिहिलेलं असताना.

पोचा लाकडी ठोकळ्यावर धरून हलक्या हाताने सरळ केला, बैठक नखाने तपासली, सिलिकॉनचा कणही लावला नाही. बिलावर रिंगचं साहित्य, माप आणि तारीख लिहिली. मालकांनी बिल बघून विचारलं, एवढ्याशा रबराला एवढी मजुरी? जुनी रिंग त्यांच्यासमोर ठेवली. चार दिवसांत ती सुकून मूळ मापापेक्षाही आखडली होती, वाकवली तर कडेला भेगा दिसत होत्या. ते काही बोलले नाहीत, पैसे मात्र दिले.

दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. टाकी फुल आहे, वास नाही, पण काटा अर्ध्याच्या वर चढत नाही म्हणाले. फ्लोटचा दांडा बसवताना आमच्याकडूनच वाकलेला दिसतोय. रविवारी पुन्हा उघडतोय.