फलाटावरचा कॅमेरा आणि आमची गाडी

रेल्वे स्टेशनवर फलाटाच्या अगदी टोकाला, जिथे छप्पर संपतं तिथे, मोबाइल नाहीतर छोटा कॅमेरा घेऊन उभी असलेली पोरं तुम्ही पाहिली असतील. त्यांना कुठे जायचं नसतं, कुणाला उतरवून घ्यायचं नसतं. दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढायचं, ते दोन तास चालतं, तेवढ्या वेळात येतील तितक्या गाड्या बघायच्या, त्यांचे व्हिडिओ काढायचे आणि घरी जायचं. बाकीचे लोक त्यांना वेडे समजतात.

२०२५ च्या मे महिन्यानंतर आमच्या माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या पोरांचा विषय दोन-तीनदा निघाला. काहींचं म्हणणं, "स्टेशनवर कॅमेरा दिसला की धरा आणि आत टाका, काय माहीत कुणासाठी काढतोय." काहींचं म्हणणं, "उपग्रहातून सगळं दिसतं, मग मोबाइलला काय घाबरायचं?" मला दोन्ही पटत नाही. ग्रुपवर एवढं लांब टाइप करवत नाही म्हणून इथे लिहितो.

फौजी माणसाचं आणि स्टेशनचं नातं काय असतं ते वाचणाऱ्या निम्म्या लोकांना सांगायची गरज नाही. वॉरंट देऊन तिकीट घ्यायचं, एमसीओच्या दारात रांग लावायची आणि नंबर-नाव रंगवलेल्या काळ्या ट्रंकेवर बसून गाडीची वाट बघायची, यात आमची किती वर्षं गेली त्याचा हिशेब नाही. महाराष्ट्रातला जवान जम्मूकडे लागला की त्याच्या नशिबी झेलम एक्सप्रेस. पुणं सोडलं की दौंड, मनमाड, भुसावळ, इटारसी, झाशी, दिल्ली, अंबाला, जालंधर करत दोन रात्री डब्यात काढायच्या. (नाव झेलमचं, पण गाडी थांबते तवीच्या काठी. खरी झेलम बघायची तर बनिहालच्या पलीकडे काश्मीर खोऱ्यात उतरावं लागतं.)

गाड्या बघायचा नाद मला पठाणकोटला लागला. आम्ही मामूनला होतो. रविवारी आउटपास मिळाला की बाकीचे बाजारात नाहीतर सिनेमाला जायचे, मी पठाणकोट कँट स्टेशनवर जायचो. जुने लोक त्याला अजून चक्की बँकच म्हणतात. १९७२ मध्ये जम्मूपर्यंत रेल्वे पोचली. त्याआधी बराच काळ काश्मीरकडे जाणारी फौज पठाणकोटलाच गाडीतून उतरायची आणि पुढे ट्रकने जायची. १९६५ ची लढाई लढलेला कुणी तुमच्या गावात असेल तर त्याला विचारा, पठाणकोटचं स्टेशन त्याला नक्की आठवेल.

तिथे फलाटाच्या टोकाला तीन-चार पोरं ठरलेली असायची. त्यांनीच मला इंजिनाचा नंबर वाचायला शिकवलं. डब्ल्यूएपी-७ म्हणजे डब्ल्यू ब्रॉडगेजचा, ए एसी विजेचा, पी पॅसेंजरचा. शेवटी जी असेल तर इंजिन मालगाडीचं. सुरुवातीला झेड असेल तर अडीच फुटी नॅरोगेज. इंजिनावर शेडचं नाव लिहिलेलं असतं, त्यावरून ते कुठल्या गावचं ते कळतं, जसं आमच्या गाड्यांवरच्या खुणांवरून पलटण कळते. एक पोरगा तर आवाजावरून सांगायचा. जुनं अल्को डिझेल लांबूनच ओळखू येतं, म्हाताऱ्याने जिना चढावा तसं धापा टाकत येतं. त्यातली पहिली इंजिनं १९६२ मध्ये अमेरिकेतून आली आणि १९६४ पासून वाराणसीला बनायला लागली. मी पंधरा-वीस वर्षं त्या इंजिनांच्या मागे बसून सुट्टीला गेलो, पण हे मला त्या पोराने सांगितलं.

पठाणकोट जंक्शनवरून कांगड्याची छोटी गाडी सुटायची. १६४ किलोमीटर, थेट जोगिंदरनगरपर्यंत. १९२९ मध्ये सुरू झालेली ही लाइन शानन वीज प्रकल्पाचं अवजड सामान डोंगरात चढवायला उपयोगी पडली. दुसऱ्या महायुद्धात नगरोट्याच्या पुढचे रूळ उखडून नेले आणि १९५४ मध्ये पुन्हा टाकले. एवढा डोंगराळ मार्ग, पण बोगदे फक्त दोन. झेडडीएम-३ इंजिन, पाच-सहा निळे डबे, समोर धौलाधारचा बर्फ. आमच्या त्या पोरांचा या गाडीवर भारी जीव. दर महिन्याला कुणीतरी चक्की नदीच्या पुलाशी जाऊन गाडीचा व्हिडिओ काढून आणायचा. मी म्हणायचो, तीच गाडी, तोच पूल, पुन्हा पुन्हा काय काढता?

२० ऑगस्ट २०२२ ला चक्कीला पूर आला आणि तो पूल कोसळला. पुलाची हालत बघून गाड्या आधीच थांबवल्या होत्या, म्हणून कुणी दगावलं नाही. तेव्हा माझी पोस्टिंग बदललेली होती. टीव्हीवर सगळ्या देशाने पूल पडतानाची तीस सेकंदं पाहिली. मला मात्र त्याच्या आधीचे व्हिडिओ जास्त मोलाचे वाटतात. सरकारी कागदात पुलाची लांबी आणि खांबांची संख्या सापडेल. पण पुलावर येताना गाडी कशी दबकत चालायची, खिडकीतल्या बायका नदीला कसा नमस्कार करायच्या आणि खाली वाळूत ट्रॅक्टर कसे उभे असायचे, हे त्या पोरांच्या मोबाइलमध्ये आहे. उद्या कुणाला खांबांच्या बुडाशी वाळू वर्षावर्षाला किती खाली गेली ते बघायचं असेल, तर तेही त्यात दिसेल.

शिवाय ही पोरं नुसती बघत नाहीत. गाडी न थांबता पुढे जाते तेव्हा स्टेशनचा माणूस हिरवा झेंडा घेऊन उभा राहतो ना, तो झेंडा दाखवायला म्हणून नुसता उभा नसतो. चाकाजवळ धूर निघतोय का, एखादा भाग लोंबतोय का, मालडब्याचं दार उघडं राहिलंय का, हे त्याने बघायचं असतं. ही पोरं तेच करतात, बिनपगारी. चाक एका जागी घासून चपटं झालं असेल तर टक-टक आवाज येतो, तो त्यांना चटकन कळतो. असा एखादा संत्री फुकट मिळत असेल तर मी तरी त्याला हाकलणार नाही.

मग हाकलतं कोण आणि कुणाला? पुढच्या एका पोस्टिंगला, राज्य आणि स्टेशन सांगत नाही, सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा मालगाडीचं इंजिन टिपत होता. एका गणवेशवाल्याने त्याचा मोबाइल घेतला आणि गॅलरी सगळीच्या सगळी पुसली. बहिणीच्या लग्नाचे फोटोसुद्धा गेले. मुलगा रडकुंडीला आला. मी विचारलं, कुठल्या नियमाखाली? उत्तर आलं, "ऊपर से ऑर्डर है." त्याच वेळी पलीकडच्या रुळांत एक जोडपं गाणं लावून नाचत होतं आणि तिसरा शूटिंग करत होता. त्यांना कुणी हटकलं नाही. रुळांत बेकायदा उतरणं हा रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रील काढणारा वेगळा आणि रेल बघणारा वेगळा, एवढा फरक गणवेशातल्या माणसाला कळायला हवा. रेल बघणारा पिवळी रेषा सहसा ओलांडत नाही, कारण गाडी काय करू शकते ते त्याला माहीत असतं.

इथपर्यंत वाचून ती पोरं खूश झाली असतील. आता त्यांच्याशी बोलायचं आहे.

तुम्ही ज्याला 'मिलिटरी स्पेशल' म्हणता आणि जिच्या व्हिडिओला सगळ्यात जास्त लाइक मिळतात, ती गाडी काढू नका. मी अशा गाड्या भरल्या आहेत. रात्री रॅम्पवरून एकामागून एक गाडी सपाट डब्यांवर चढवायची, पुढे एक जण उलटा चालत हाताने इशारे देतो, दोन्ही बाजूंना वीतभर जागा. मग लाकडी पाचरी, साखळ्या, ताडपत्री. ती ताडपत्री काही पावसासाठीच नसते.

उपग्रहाचं म्हणाल तर तो त्याच्या वेळेला वरून जातो, ढग आले की साध्या कॅमेऱ्याला खालचं काही दिसत नाही. तुम्ही मात्र पंधरा फुटांवर उभे असता. आणि तुमचा सगळ्यात मोठा गुण इथे उलटा पडतो. तुम्ही अचूक लिहिता. तारीख, वेळ, स्टेशन, इंजिनाचा नंबर, डबे किती, तोंड कुठे. बाकी कुठल्याही गाडीसाठी हे सोनं आहे. पण अंबाल्याहून एकाने टाकलं, लुधियान्याहून दुसऱ्याने, जालंधरहून तिसऱ्याने, की घरबसल्या कुणालाही कळतं काय निघालं, किती निघालं आणि कधी पोचणार. २०२१-२२ मध्ये युक्रेनच्या सीमेकडे निघालेल्या रशियन रणगाड्यांच्या गाड्या लोकांनी हौसेने टिकटॉकवर टाकल्या. त्यावरून परदेशातल्या अभ्यासकांनी फौजेची जमवाजमव शोधून काढली. कुणी हेर नव्हतं, सगळे हौशीच होते.

आपल्याकडे २६ एप्रिल २०२५ ला माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना सांगितलं की सैन्याच्या हालचाली थेट दाखवू नका. त्यात कारगिल, कंदाहार आणि २६/११ ची आठवण करून दिली होती. आम्हाला तर २०२० मध्येच फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप मोबाइलमधून काढायला लावली. जवानाने फेसबुक काढायचं आणि त्याची गाडी मात्र यूट्यूबवर धावायची, हे कसं चालेल?

पठाणकोटच्या पोरांनी हे स्वतःच ठरवलेलं होतं. ताडपत्री दिसली की मोबाइल खिशात. कुणी शिकवलं म्हणून मी एकदा विचारलं, तर त्यातला एक म्हणाला, "अंकल, मेरे पापा भी फौज में हैं. क्या पता इसी में बैठे हों." मागच्या डब्यातले जवान हात करायचे, ही पोरंही हात करायची.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. स्टेशनवर पाटी लावा. फलाटावरून, पिवळ्या रेषेच्या आत उभं राहून, स्वतःसाठी प्रवासी आणि मालगाड्यांचं चित्रण करता येईल. सैन्याच्या गाड्या, त्यांचं सामान आणि जवान यांचं चित्रण करता येणार नाही. रुळांत उतरता येणार नाही. धंद्याच्या शूटिंगला परवानगी आणि पैसे लागतातच, तेही लिहा. हिंदी, इंग्रजी आणि त्या प्रांताच्या भाषेत. आज एका स्टेशनवर चालतं ते पुढच्या स्टेशनवर चालत नाही, आणि फलाटावरच्या शिपायाला 'ऊपर से ऑर्डर'पलीकडे काही सांगता येत नाही. १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट फार जड हत्यार आहे, ते सोळा वर्षांच्या पोरावर रोखण्याआधी एक पाटी रंगवणं स्वस्त पडेल.

आणि व्हिडिओंचे ग्रुप चालवणाऱ्यांनीही आपल्या घरात झाडू मारावा. मिलिटरी स्पेशलचा व्हिडिओ आला की तो उडवायचा, टाकणाऱ्याला एकदा समजवायचं, दुसऱ्यांदा बाहेर काढायचं. जुने व्हिडिओ पडून आहेत तेही उडवा.

पाटीच्या मजकुराचं पत्र मी हिंदीत लिहून रेल्वेकडे पाठवलं आहे. कुणाला आपल्या गावच्या स्टेशनसाठी तेच पत्र द्यायचं असेल तर मागा, नक्कल पाठवतो.