पहिले वेल्डिंग मशीन घेताना आधी घरचा प्लग पाहा

आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांना एक जुनी सवय आहे. कोणतीही वस्तू घ्यायची म्हटली की चार माणसे एकच सल्ला देतात, "घ्यायचे तर एकदाच मोठे घ्या, पुन्हा पुन्हा खर्च नको." माग, काटा किंवा टेम्पो घेताना हा सल्ला उपयोगी पडतो. पण फावल्या वेळात शौक म्हणून लोखंडाचे काम करू पाहणाऱ्या आणि खिशात मोजके पैसे असणाऱ्या माणसाला हाच सल्ला खड्ड्यात घालतो, असे माझे स्पष्ट मत आहे. मी कापडाचा व्यापारी आहे, लोखंडाचा नाही. तरीही हे लिहितो, कारण या चुकीची किंमत माझ्या घरात मोजली गेली आहे.

2022 साली माझ्या भाच्याने पहिले मशीन घेतले. भिवंडीत त्याचे मोबाइल दुरुस्तीचे छोटे दुकान आहे, हाताला हुनर आहे. सायकलचे स्टँड, आईसाठी कुंड्यांची घडवंची, दुकानाला दोन शेल्फ अशी कामे त्याच्या मनात होती. जवळ 10,000 रुपये जमले होते. कोणीतरी सांगितले आणि त्याने एका भंगारवाल्याकडून 300 ॲम्पियरचे जुने ट्रान्सफॉर्मर मशीन साडेआठ हजारांना उचलले. तांब्याच्या वाइंडिंगचे म्हणून विकले, उघडल्यावर आत ॲल्युमिनियम निघाले. घरच्या लाइनवर लावताच मेन स्विचचा फ्यूज उडाला. मग एका ओळखीच्या कारखान्यात नेऊन तासभर काम केले. चेहऱ्यावरच्या काचेसाठी पैसे उरले नव्हते, म्हणून उन्हाचा काळा गॉगल लावला.

रात्री दोन वाजता माझा दरवाजा वाजला. "मामू, डोळ्यांत कोणी वाळू घातल्यासारखे होते आहे, उघडताच येत नाहीत." त्याला हात धरून दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, वेल्डिंगच्या प्रकाशातल्या अतिनील किरणांनी बुबुळाचा वरचा पडदा भाजला आहे. हा त्रास लगेच होत नाही, काही तासांनी सुरू होतो, म्हणून माणूस बेसावध राहतो. दोन दिवसांत तो बरा झाला. मशीन मात्र वजनावर विकावे लागले आणि निम्म्याहून अधिक रक्कम बुडाली.

नंबर पाहून फसू नका

आपण कापडवाले लेबलवर विश्वास ठेवत नाही. ताग्यावर पन्हा 44 इंच छापलेला असला तरी पट्टी लावून पाहतो. मग वेल्डिंग मशीनच्या डब्यावर मोठ्या अक्षरात 200 किंवा 250 लिहिले, की तेवढ्यावरच पैसे का मोजतो?

आधी काम पाहावे. शौकाच्या कामात बहुतेक 3 मिमी जाडीचा अँगल, पट्टी आणि 16 गेजचा, म्हणजे सुमारे 1.6 मिमीचा चौकोनी पाइप लागतो. त्याला 2.5 मिमीचा रॉड पुरतो. दुकानात त्याला 12 नंबर म्हणतात. हा रॉड साधारण 60 ते 90 ॲम्पियरवर चालतो. त्याहून जाड 10 नंबर, म्हणजे 3.15 मिमीच्या रॉडला 90 ते 130 ॲम्पियर लागतात. पातळ पाइपवर तो नवशिक्याच्या हातून भोकेच पाडतो. म्हणजे ज्या कामासाठी आपण मशीन घेतो, ते काम शंभराच्या आतले आहे.

आता घरचा प्लग पाहा. 80 ॲम्पियरवर काम करताना ठिणगीपाशी सुमारे 23 व्होल्ट असतात. गुणाकार केला तर 1,840 वॅट. मशीनच्या आतली घट आणि पॉवर फॅक्टर धरला, की लहान मशीन भिंतीतून सुमारे 13-14 ॲम्पियर ओढते. 16 ॲम्पियरचा चांगला प्लग हे सोसतो. तेच मशीन पूर्ण 200 वर चालवायचे तर भिंतीतून 40 च्या आसपास ॲम्पियर लागतील. घरात तेवढी लाइन कोणाकडे आहे? म्हणजे डब्यावरच्या 200 साठी मोजलेला पैसा घरात वापरताच येत नाही. वीजबिलावर "मंजूर भार" छापलेला असतो, तो आधी वाचावा आणि वायरमनकडून वायर व अर्थिंग तपासून घ्यावे. बारीक वायरचे लांब एक्स्टेंशन बोर्ड लावू नये. त्यात दाब पडतो, रॉड चिकटतो आणि गुंडाळी तापून वितळते.

दुसरा आकडा मशीनच्या मागच्या पट्टीवर बारीक अक्षरात असतो, तो ड्यूटी सायकलचा. समजा 160 ॲम्पियरला 60 टक्के लिहिले आहे. याचा अर्थ 40 अंश तापमानात दर दहा मिनिटांपैकी सहा मिनिटे काम आणि चार मिनिटे विश्रांती. ज्या मशीनवर ही पट्टीच नाही, त्याचा 200 चा आकडा म्हणजे पन्हा न मापलेला तागा.

कोणते मशीन घ्यावे

माझ्या मते पहिले मशीन म्हणजे साध्या रॉडवर चालणारे, सिंगल फेजचे, लहान इन्व्हर्टर मशीन. त्याचे वजन पाच-सहा किलो भरते, एका हाताने उचलता येते आणि घरच्या प्लगवर चालते. डीसी करंट असल्याने नवशिक्याला ठिणगी धरून ठेवणे सोपे जाते.

ट्रान्सफॉर्मर मशीन वाईट आहे असे मी म्हणत नाही. रोज फाटके आणि ग्रिल बनवणाऱ्या कारखान्यात ते वर्षानुवर्षे राबते, आणि बिघडले तर गावातला वाइंडर ते दुरुस्त करतो. पण त्याला जागा हवी आणि भक्कम लाइन हवी. इन्व्हर्टर नाजूक असते, हेही खरे. त्यातली सर्किट प्लेट गेली तर खर्च मोठा येतो. आपल्या यंत्रमागाच्या गावांत आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे हवेतले कापसाचे तंतू. मशीनचा पंखा ते आत ओढतो आणि आतली प्लेट तापू लागते. म्हणून महिन्यातून एकदा प्लग काढून ब्लोअरने मशीन साफ करावे.

वायरचे मिग मशीन पातळ पत्र्याला उत्तम, पण मशीन महाग आणि वायरचे रीळ किंवा गॅसचा बाटला हा कायमचा खर्च. टिगला आर्गॉन लागतो. गॅस वेल्डिंगचे दोन सिलिंडर घरात ठेवणे मला मुळीच पसंत नाही. ज्याला गाडीचा 0.8 मिमीचा पत्राच जोडायचा आहे, त्याने मात्र रॉडचे मशीन घेऊन पैसे वाया घालवू नयेत. थोडे थांबावे आणि मिगसाठी जमवावे. पण शौकाची वस्तू व्याजाच्या हप्त्यांवर कोणीही घेऊ नये.

दहा हजारांचा हिशोब

मी स्वतः 2023 साली मशीन घेतले. दुकानात तागे ठेवायला लोखंडी घोडे हवे होते आणि हाताला काही नवे काम हवे होते. मुळजी जेठा मार्केटमधली कामे आटोपून भाच्याला घेऊन नागदेवी स्ट्रीटवर गेलो. त्या दिवशीचा हिशोब वहीत आहे: मशीन 5,800, आपोआप काळे होणारे हेल्मेट 1,100, चामड्याचे हातमोजे आणि ॲप्रन 550, चार इंची ग्राइंडर 1,700, चकत्या, तारेचा ब्रश आणि हातोडी 300, 12 नंबरचे रॉड 450. एकूण 9,900. उरलेल्या शंभरात सरावासाठी भंगारातले पट्टीचे तुकडे आणले. एसीसाठी टाकलेला प्लग दुकानात आधीच होता. ज्याच्याकडे नाही, त्याने त्याचा खर्च सर्वांत आधी बाजूला काढावा. भाव बदलतात, पण प्रमाण ध्यानात ठेवावे. मशीनवर दहातले सहा रुपये, त्याहून जास्त नाही. ग्राइंडर नसेल तर गंज निघत नाही, आणि गंजावर जोड धरत नाही.

दुकानदार म्हणाला, "शेठ, अजून दोन हजार टाका, 250 चे नेऊन टाका." मी म्हटले, "आधी हेच तुमच्या प्लगवर लावा आणि 12 नंबरचे दोन रॉड जाळून दाखवा." त्याने दाखवले. केबलचे टोक पात्याने खरवडून पाहिले. आत पांढरे निघाले तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा समजावा. पक्के बिल घेतले, वॉरंटी लिहून घेतली आणि दुरुस्ती कुठे होते ते विचारले. रॉड 6013 चे घ्यावेत, ते सहज पेटतात. डब्यावर आयएस 814 आणि ISI चा शिक्का पाहावा आणि रॉड ओलीपासून दूर ठेवावेत.

काही जण विचारतील, उद्या मोठे काम आले तर? 5-6 मिमी जाडीचे काम कडा घासून, दोन-तीन थर देऊन लहान मशीनवरही होते. आणि ज्यावर माणसाचा जीव टांगलेला असतो, म्हणजे झोपाळा, शिडी, गॅलरीचे रेलिंग, ते काम पहिल्या वर्षी नवशिक्याने करूच नये. मशीन 400 ॲम्पियरचे असले तरी करू नये.

कापडवाल्याचा एक सल्ला

शेवटी माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. कापड सुती आहे की पॉलिस्टर, हे पाहायला आपण दोन धागे काढून काडी लावतो. सूत कागदासारखे जळून राख होते. पॉलिस्टर वितळते आणि त्याची कडक गोळी होते. वेल्डिंगची ठिणगी हीच परीक्षा तुमच्या अंगावर घेते. पॉलिस्टरची पँट किंवा नायलॉनचा टी-शर्ट असेल तर वितळलेली गोळी कातडीला चिकटते. म्हणून जाड सुती किंवा डेनिमचे पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. पायात चप्पल नको, कोरडे बंद बूट हवेत. घामाने भिजलेले हातमोजे बदलावेत, कारण होल्डरवरचे 60-70 व्होल्ट ओल्या हाताला धोक्याचे असतात. काच 10 नंबरची असावी. पैसे कमी असतील तर साध्या काचेची हातात धरायची ढालही चालते, गॉगल चालत नाही. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइप जोडायचा तर मुलामा आधी घासून काढावा आणि काम मोकळ्या हवेत करावे. त्या धुराने रात्री थंडी-ताप येतो.

आणि गोदामात वेल्डिंग कधीही करू नये. ठिणगी 35 फुटांपर्यंत जाते. कापसाच्या तंतूंत पडली तर आत धुमसत राहते आणि माणूस कुलूप लावून गेल्यावर पेटते. माझे घोडे मी अंगणात जोडले, शेजारी पाण्याची बादली ठेवली आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथेच बसून राहिलो. कारखाने आणि गोदामे असलेल्या गावात ही गोष्ट एकट्याच्या नुकसानीची नसते.

ज्या तरुणांना यातून रोजगार करायचा आहे, त्यांनी आयटीआयचा एक वर्षाचा वेल्डर कोर्स करावा. शौकवाल्यांनी निदान जवळच्या कारागिराकडे चार सुट्या बसून हात पाहावा. कारागीर भाईंनाही विनंती आहे, की नवशिक्याने विचारले तर त्याला हसू नका आणि "मोठे घ्या" एवढे बोलून वाटेला लावू नका. त्याच्या घरचा प्लग विचारा, काम विचारा आणि काच घेतली का, हेही विचारा. माझ्या भाच्याला 2022 साली कोणी एवढे विचारले असते, तर त्याचे पैसेही वाचले असते आणि त्या दोन रात्रीही.