कुल आणि शील

सोयरीक ठरविताना कुलशील पाहण्याची आपली जुनी रीत. त्यातही जाणती माणसे एक विवेक बाळगीत: कुल चौकशीने कळते, शील मात्र वागणुकीवरूनच. या विवेकाची आठवण आम्हांस नुकतीच एका स्नेह्यांच्या घरी, अगदी निराळ्या प्रसंगाने झाली.

त्यांच्या टाचेवरची लहानशी गाठ, चपलेने घासते म्हणून, काढण्यात आली होती. तपासणीचा अहवाल आला, पण त्यात निदान नव्हते. 'विशेष रंजन-परीक्षा आवश्यक' अशा अर्थाचा शेरा होता. "एकदा तपासली ना? मग पुन्हा पैसे कशाला?" वहिनींनी विचारले. प्रश्न रास्त होता. म्हणून उत्तर समजून घेतले.

काढलेली गाठ फॉर्मॅलिनमध्ये टिकवून मेणात बसवितात. तिचे केसाहून पातळ काप हिमॅटॉक्सिलीन व इओसिन या रंगांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बहुतेक गाठींचे निदान येथेच होते. परंतु काही पेशी इतक्या बिघडलेल्या असतात, की त्यांचे मूळ रूपावरून उमगत नाही. मेलॅनोमा हा रंगपेशींचा घातक कर्करोग. पण कधी कधी त्यात काळेपणा औषधालाही नसतो.

अशा वेळी पेशीतील प्रथिनांची साक्ष काढावी लागते. प्रतिपिंड ठरावीक प्रथिनालाच चिकटतो. त्याला रंगाची जोड दिली, की ते प्रथिन असेल तेथे तपकिरी वा तांबडी खूण उमटते. 1965 साली गाईच्या मेंदूतून वेगळे केलेले एस-100 हे प्रथिन रंगपेशींतही सापडते. यात नवल नाही. गर्भावस्थेत रंगपेशी आणि मज्जातंतूंच्या आवरणपेशी एकाच मुळापासून निघतात. म्हणूनच एकट्या एस-100 वर न विसंबता मेलॅन-ए, एचएमबी-45, सॉक्स-10 यांनाही विचारतात. याउलट केराटिन-20 ची खूण केंद्रकाशेजारी ठिपक्यासारखी दिसली, तर संशय मर्केल पेशींच्या कर्करोगाकडे वळतो.

तथापि मेलॅन-ए निरुपद्रवी तिळातही उमटते! रंग कुल सांगतो, शील नव्हे. पेशींची मांडणी कशी, त्या किती खोल उतरल्या, विभाजन किती, हे पाहून निवाडा शेवटी अनुभवी डोळ्यालाच करावा लागतो.

तेव्हा वाचकहो, काढलेली गाठ क्षुल्लक समजून टाकून देऊ नये. ती संपूर्ण तपासणीस धाडावी. आपल्याकडे मेलॅनोमा विरळा. पण होतो तेव्हा पुष्कळदा तळपायावरच. पुढील परीक्षा सहसा त्याच मेणाच्या ठोकळ्यावर होते, पुन्हा शस्त्र लावावे लागत नाही. डॉक्टरांनी ती मागितली, तर तो लोभ वा अज्ञान न मानता सावधपणा मानावा.

वहिनींनी होकार दिला आणि ठोकळा परीक्षेस गेला. उत्तर यायचे आहे. ते कसेही आले, तरी उपचार अंदाजावर होणार नाहीत, एवढा धीर त्या घराला आला आहे.